साडेचार गुंजांच्या आत

शलाका म्हणाली, बाबा, तुमचा काटा द्या.
काचेच्या पेटीतला. फुंकर पडली तरी आकडा हलतो, तो.
कशाला, ते मी विचारलं नाही.
गेल्या दिवाळीपासून त्यावर तसंही काय चढलं होतं?
एक मोडकी नथ, दोन कुड्या,
बांद्याच्या एका बाईची पुतळी, जी न्यायला ती परत आलीच नाही.

तिनं डबा उपडा केला आमच्या गुलाबी कागदावर.
पाचशे शिशाचे दाणे.
भिंग लावलं, तर दाणे कुठले,
डमरू! मुंग्यांच्या भजनाला पुरतील एवढे.
चपटं डोकं, बारीक कंबर, खाली परकराचा घेर.
"हा घेर चेपला ना, की हवा कडेनं निसटते, बाबा.
मग नळीतले आटे त्याला धरत नाहीत."
आटे झिजले की कुडी कानात राहत नाही,
तेवढं मला कळतं.

बंदरावरचा बर्फाचा कारखाना आठ वर्षं बंद आहे.
जिथून लाद्या घसरत यायच्या
तिथं पोरांनी दहा मीटर मोजून खडूनं रेघ मारलीय,
मागच्या भिंतीला फाटक्या जाळ्यांची बोचकी.
वास अजून बांगड्यांचाच.

इनास फर्नांडिसच्या रॉनीनं त्या दिवशी
सोनेरी छर्रे आणले. मिश्रधातूचे, हलके, महागडे.
मी एक उचलला. मुलामा. बोटालाच कळतं.
यंत्रावर आकडा आला: सेकंदाला दोनशे दहा मीटर.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
मग कागद जवळ आणला.
पाच भोकं, पाच गावं:
एक शिरोड्याला, एक मठाला, दोन तुळशीच्या वाटेवर,
आणि एक कागदातच नाही.

टोकदारांनी कागद फाडला,
कडा अशा विस्कटल्या की गुण मोजायचे कुठून?
गोल डोक्याचे बरे होते, पण ते लांबच्या पल्ल्याचे,
उघड्यावर, वाऱ्याशी भांडणारे.
इथं वारा कुठला. इथं फक्त दमट.

मग शलाकानं आमचे लावले.
मी निवडलेले.
एकशे अडुसष्ट. शिट्टी कुणीच मारली नाही.
पाच वेळा तोच कोरडा आवाज,
चिंचोका दाताखाली फुटावा तसा,
आणि कागदावर एकच भोक,
लवंगेच्या फुलाहून थोडं मोठं,
कडा पंचानं पाडल्यासारख्या.

तेव्हापासून रात्री दुकान लावलं की मी बसतो.
शून्य पॉइंट पाचशे तीस. ठेवा.
पाचशे एकतीस. चालेल.
पाचशे अठ्ठावीस. बाजूला.
साडेचार गुंजांच्याही आतला जीव,
त्याला इतका न्याय!
जन्मभर गिऱ्हाईक रतीवरून वाद घालायचं,
कसोटीवर डोळे रोखून बसायचं.
शिशावर कुणी संशय घेत नाही.
बायको आतून ओरडते,
हात धुवा आधी, मग भाकरीला शिवा.
खारी हवा या डब्यातही शिरते,
पंधरवड्यात पांढुरकी भुकटी धरते छर्र्यांवर,
म्हणून मोत्यांचा कापूस आता त्यांना दिलाय.

वर्षातून दोनदा कुडाळहून झारेकरी येतो,
दुकानातली झाडलेली माती विकत घ्यायला.
परवा चाळताना थांबला.
चिमटीत काही करडं धरलं, उजेडात फिरवलं.
"सोनारानू, ह्यां काय?"
म्हटलं, पाचशे अठ्ठावीस. दोनानं हलकं.
त्याला काही उमगलं नाही. हसला,
माझ्या तळहातावर ठेवून पुढच्या दाराला गेला.

शलाका पुण्याला गेलीय, स्पर्धा उद्या सकाळी आहे.
डबा तिच्याबरोबर. माझ्याकडे फक्त हा.
पेटीचं दार उघडलं,
चिमट्यानं तो पुन्हा काट्यावर ठेवला,
दार लावलं,
आणि आकडा थांबेपर्यंत
श्वास धरून बसलो.